घरगुती इंटरनेटचा वेग आणि संगणकाचे हार्डवेअर (खानदेश)

इंटरनेट जोडणीची ठरलेली क्षमता आणि संगणकावर प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत तफावत असते. तिचा मोठा भाग राउटर, केबल, वाय-फाय कार्ड आणि खुद्द संगणक यांच्यामुळे पडतो. योजनेत नसलेला वेग कोणतेही हार्डवेअर निर्माण करू शकत नाही, पण आलेला वेग वाटेत अडवू शकते. जळगाव, धुळे, नंदुरबार या शहरांत फायबर घरापर्यंत आल्यावर हा मुद्दा विशेष महत्त्वाचा झाला. मुख्य पाइप कितीही मोठा असला तरी फिल्टर चोंदलेला असेल तर ठिबकची शेवटची ओळ कोरडी राहते, तसेच हे आहे.

सर्वांत दुर्लक्षित दोष केबलचा. राउटर आणि संगणक जोडणाऱ्या लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी (सेकंदाला १०० मेगाबिट) दोन जोड्या पुरतात, १००० एमबीपीएससाठी चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, तरी अनेकदा जोडणी चालू राहते, पण गुपचूप १०० वर उतरते. जुन्या संगणकांचे आणि स्वस्त राउटरचे पोर्टही अनेकदा १०० एमबीपीएसचेच असतात आणि त्यावर प्रत्यक्षात ९४-९५ च्या पुढे आकडा जात नाही. अशा घरात ३०० एमबीपीएसची योजना घेणे म्हणजे दरमहा पैसे वाया घालवणे. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहिला तर हा दोष मिनिटभरात कळतो. वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये सांगतात. डाउनलोडचा आकडा मात्र बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. एक बाइट आठ बिटांचा, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हा आकडा पूर्ण वेगाचाच आहे.

वाय-फायमध्ये घराच्या बांधणीचा संबंध येतो. २.४ गीगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, मात्र भिंतीत लवकर विरतो. खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती त्याला फार अडवतात. पत्र्याची पडवी तर लहरी परतवून लावते. फायबरची तार पुढच्या खोलीत आली म्हणून राउटर तिथेच टांगण्याची पद्धत आहे. मुलांची अभ्यासाची खोली मागे असेल तर ही जागा चुकीची ठरते. लॅपटॉपमधले एकाच अँटेनाचे ‘एन’ श्रेणीचे (वाय-फायच्या जुन्या पिढीचे) कार्ड २.४ गीगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये, कागदोपत्री ७२ एमबीपीएस जोडणी दाखवते. हाती त्याहून बरेच कमी येते. यावर ५ गीगाहर्ट्झचा यूएसबी अडॅप्टर हा साधा उपाय. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मागच्या खोलीपर्यंत ओढलेली केबल.

हार्ड डिस्कला मात्र उगाच दोष दिला जातो. साधी फिरती डिस्कही १०० एमबीपीएसने येणारी फाइल सहज लिहून घेते. खरी अडचण रॅमची, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीची आहे: २ किंवा ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे टॅब वाढले की संगणक डिस्कचाच रॅमसारखा वापर करू लागतो, पान उघडायला वेळ लागतो आणि ‘नेट स्लो आहे’ असा समज होतो. व्हिडिओचेही तसेच. नव्या पद्धतीने आकुंचित केलेले व्हिडिओ उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळते. ऑनलाइन तासिकेला बसलेल्या विद्यार्थ्याला यातला फरक कळणे अवघड असते, म्हणून शिक्षकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी तो समजावून द्यायला हवा.

उष्णता हा खानदेशचा खास घटक. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तर बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद कपाटात ते तापून अधूनमधून जोडणी सोडतात. प्रोसेसरही शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो. पंख्यात धूळ साचली की ही वेळ लवकर येते. उन्हाळ्यापूर्वी पंखा साफ करून घेणे आणि राउटर मोकळ्या हवेत ठेवणे याला जवळपास खर्च नाही.

सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांत परिस्थिती वेगळी आहे. जिथे मोबाइलची रेंजच अपुरी, तिथे संगणक बदलून काही साधत नाही. तिथे टॉवर आणि फायबर पोहोचवणे हेच पहिले काम आहे.