दुतोंड्या मारुती कुठे आहे, हे संगणकाला कसं कळणार?

पावसाळ्यात नाशिककर गोदावरीचा पूर मीटरमध्ये मोजत नाहीत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. "पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं" म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. समजा, असं वाक्य असलेलं जुन्या वर्तमानपत्राचं पान स्कॅन होऊन डिजिटल ग्रंथालयात गेलं. पानावर ना 'नाशिक' आहे, ना 'गोदावरी', ना 'पूर'. मग 'नाशिक पूर' असं शोधणाऱ्या विद्यार्थिनीला ते सापडायचं कसं?

साधा शोध नुसती अक्षरं जुळवतो. सिमँटिक, म्हणजे अर्थ जाणणाऱ्या ग्रंथालयात माहिती तीन तुकड्यांच्या विधानांत ठेवतात: 'दुतोंड्या मारुती – आहे – गोदाघाटावर', 'गोदाघाट – आहे – नाशिकमध्ये'. या कड्या जोडत संगणक मारुतीपासून नाशिकपर्यंत पोचतो. प्रत्येक ठिकाणाला एक कायमचा ओळख क्रमांक असतो आणि त्याला अक्षांश-रेखांश जोडलेले असतात. जिओनेम्स या खुल्या संग्रहात अशी एक कोटीहून जास्त ठिकाणं आहेत.

अडचण येते ती सारख्या नावांची. गंगापूर म्हणजे नाशिकजवळचं धरणाचं की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या तालुक्याचं? संगणक शेजारचे शब्द बघतो. 'विसर्ग', 'रामकुंड' दिसलं तर आपलं. 'वैजापूर', 'पैठण' दिसलं तर बहुधा दुसरं. तरी शेवटची नजर घाट पाहिलेल्या माणसाचीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

त्याहून अवघड प्रश्न काळाचा. नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी हा मुलूख खानदेश आणि अहमदनगर यांत विभागलेला होता. मुघल अमलात शहराचं नाव गुलशनाबाद होतं. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत 'गोवर्धन' येतं, पण त्या प्रदेशाची नेमकी हद्द आज कोण आखून देणार? तिथे नकाशावर एक ठिपका ठेवणं म्हणजे वाचकाची दिशाभूल करणं. अंदाजे क्षेत्र आणि ते नाव कोणत्या काळात चालत होतं, हे दोन्ही नोंदवायला हवं.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, म्हणजे जिल्ह्याहून २९ वर्षांनी मोठं. अशा जुन्या संग्रहांतल्या पानांना गावं, घाट, कुंडं नीट जोडली गेली, तर जिओस्पार्कल या २०१२ साली प्रमाणित झालेल्या प्रश्नभाषेत विचारता येईल: रामकुंडापासून एक किलोमीटरच्या आतल्या जागांचे उल्लेख दाखव. त्या यादीत ते मारुतीचं पानही असेल.