माथा सरकारचा, पायथा गावाचा

पाणलोटाचं काम ‘माथा ते पायथा’ करावं, हे आता गावातलं शाळकरी पोरही सांगतं. आधी डोंगरावर चर आणि झाडोरा, मग उतारावर दगडी बांध, शेवटी ओढ्यावर बंधारा. अडचण एवढीच की बहुतेक गावांत पायथा शेतकऱ्यांचा असतो आणि माथा वनखात्याचा. ही वाटणी पावसाने किंवा डोंगराच्या ठेवणीने केलेली नाही, ती कायद्याने केली.

१८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन (गावाकडे सोपवायचं जंगल) असे तीन प्रकार केले. राखीव आणि संरक्षित झपाट्याने वाढत गेले, ग्रामवन मात्र बहुतेक कागदावरच राहिलं. ठाणे-कुलाब्याकडे भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि खातं यांच्यात इतकं वाजलं की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याआधी दोनच वर्षं जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला होता. डोंगरातली पानंफुलं विकून आणि गायरानावर एक-दोन जनावरं चारून जगणाऱ्या गरिबाला वनखात्याने कसं उघड्यावर आणलं, याची हकीकत त्यात आहे. त्याच पुस्तकात पलटणी आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्या आणि पावसाचं पाणी शिवारातच मुरवा, असंही ते सुचवतात. जंगल आणि पाणी हे दोन्ही प्रश्न एकाच शेतकऱ्याचे आहेत, हे त्यांना तेव्हाच दिसत होतं. सरकारदरबारी मात्र त्यांच्या फायली पुढची शंभर वर्षं वेगळ्याच राहिल्या. हिमालयातल्या कुमाऊँमध्ये लोकांनी जंगलं पेटवून निषेध केल्यावर १९३१ साली वनपंचायतींचे, म्हणजे गावानेच जंगल सांभाळायचे, नियम आले, हा अपवाद. १९२७ च्या कायद्यातही ग्रामवनाचं कलम होतं. ते फारसं कुणी उघडलं नाही.

फायली जवळ आल्या त्या चंडीगडच्या एका तळ्यामुळे. १९५८ साली बांधलेला सुखना तलाव पंधरा-वीस वर्षांतच गाळाने भरत चालला. गाळाचा माग काढत मृदसंधारण संस्थेचे पी. आर. मिश्रा शिवालिकच्या पायथ्याशी सुखोमाजरी गावात पोहोचले. वरचे उघडे डोंगर गावाच्या शेळ्या चरत होत्या. शहराचं तळं वाचावं म्हणून गावाने शेळ्या का आवराव्यात, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. ते १९७६ नंतर, गावासाठी मातीचे छोटे बांध घातल्यावर मिळालं. बांधाचं पाणी शेतात येऊ लागलं, आणि डोंगर धुपला तर आपलाच बांध गाळाने भरेल हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तरी एक गुंता उरला होता. शेळ्या प्रामुख्याने ज्यांच्या, त्यांच्याकडे जमीन थोडी किंवा नव्हतीच. मग पाण्याचा वाटा जमिनीवर न ठेवता घरटी सारखा ठरला आणि भूमिहीनालाही मिळाला. स्वतः वापरायचा नसेल तर त्याने तो विकावा. डोंगराला कुंपण घालावं लागलं नाही. पुढे भाबर गवताचा ठेकाही ठेकेदाराऐवजी गावाच्या सोसायटीकडे आला.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हाच विचार मांडला होता. पाणी माणशी मिळेल, एकराप्रमाणे नाही, आणि भूमिहीनाचाही त्यावर हक्क राहील. पुढच्या पाणलोट कार्यक्रमांनी त्यांचं नाव आदराने घेतलं, हे तत्त्व मात्र क्वचितच उचललं. त्यांनी उचलली ती राळेगणची शिस्त: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान. हिवरे बाजारने १९९० नंतर ही शिस्त पाळून शिवाय सिंचनासाठी बोअरवेलला बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. नाहीतर चराईबंदीचा हिशेब सरळ आहे: शेळ्या विकतो तो डोंगरावर चारणारा आणि विहिरीला पाणी वाढतं ते खालच्या बागायतदाराच्या.

इकडे पश्चिम बंगालमध्ये आराबारीला १९७२ पासून अजित कुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने लोकांना सोबत घेऊन साल वृक्षांचं जंगल परत उभं केलं होतं. १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण आणि १ जून १९९० चं संयुक्त वनव्यवस्थापनाचं (गावाची समिती आणि वनखातं यांनी मिळून जंगल राखण्याचं) परिपत्रक यांमागे असे अनुभव होते. महाराष्ट्राचा शासन निर्णय १९९२ साली आला. समित्या झाल्या, काही ठिकाणी कामही चांगलं झालं. पण राखण गावाने करायची आणि समितीच्या नाड्या खात्याच्या हातात, हे दुखणं कायम होतं.

ते गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वेगळ्या बाजूने धरलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या हे गोंड गाव समितीवर थांबलं नाही, त्याने हक्क मागितला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मागायला दार उघडलं. या कायद्याची चर्चा कसणाऱ्याच्या नावावर होणाऱ्या जमिनीच्या पट्ट्यांभोवती फिरते, पण त्याचं पाचवं कलम पाणलोटवाल्यांनी नीट वाचण्यासारखं आहे. लगतची पाणलोट क्षेत्रं आणि जलस्रोत यांचं रक्षण करण्याचा अधिकार ते ग्रामसभेला देतं. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू ‘झाड’ होता आणि नव्या कायद्यात गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचं. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

२०१४ साली राज्याने ग्रामवनाचे नियम काढले, म्हणजे १९२७ चं ते झोपलेलं कलम जागं केलं. वनहक्क कायदा असताना ही समांतर वाट कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्त होता. पण नगर-पुण्याच्या अवर्षणी पट्ट्यातल्या गावांचा पेच वेगळा आहे. आदिवासी नसलेल्यांना वनहक्कासाठी ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. पाणलोटाचं सर्वाधिक नावाजलेलं काम याच पट्ट्यात झालं, आणि तिथल्या कित्येक गावांसाठी माथ्यावरचे चर अजूनही वनखात्याच्या जमिनीत, वनखात्याच्या परवानगीने आहेत.