गिंकोची कॅप्सूल: झाडाचे नाव, अर्काचा पुरावा आणि '२बी'चा वाद

इंदूरच्या दवा बाजारात 'भैया, वो याददाश्त वाली' एवढे म्हटले तरी दुकानदाराला कळते. ब्राह्मी, शंखपुष्पी आणि गिंको यांच्या डब्या एकाच फळीवर असतात. त्यातल्या पहिल्या दोघींची ओळख सुदामा नगर, लोकमान्य नगरातल्या मराठी घरांना करून द्यायला नको. तिसरी शेजारी बसली म्हणून तीही त्यांच्याच गोतातली धरली जाते. अमेरिकेतून येणारी मुले आईबाबांसाठी तीच डबी मोठ्या आकारात आणतात, त्यामुळे तिचा मान आणखी वाढतो. मात्र गिंको चीनचे झाड आहे. आपल्या जुन्या निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदातल्या वनस्पतींच्या कोशांत, ते नाही, आणि आपल्याकडे लावलेले दिसते ते डेहराडून, मसुरी, दार्जिलिंगकडच्या थंड भागात.

जाहिरातीत हटकून दोन गोष्टी येतात. हे झाड डायनोसॉरच्या काळापासून आहे, आणि हिरोशिमाच्या बॉम्बमधूनही त्याची काही झाडे वाचली. दोन्ही खऱ्या आहेत, पण कॅप्सूलशी त्यांचा काही संबंध नाही. 'हजारो वर्षांचे चिनी औषध' हा तिसरा दावा मात्र अर्धवट आहे. चिनी वैद्यकात मुख्यतः बी वापरले जाई, तेही खोकला आणि दम्यासाठी. आज स्मरणशक्तीच्या नावावर विकला जातो तो पानांचा अर्क, आणि तो १९६५ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत औषध म्हणून बाजारात आला. म्हणजे ही परंपरा एका आयुष्यात मावणारी आहे.

त्या अर्काची कृती काटेकोर आहे. साधारण पन्नास किलो वाळलेल्या पानांतून एक किलो अर्क निघतो. त्यात पानातली दोन गुणकारी मानली जाणारी द्रव्ये ठरावीक प्रमाणात, म्हणजे फ्लेव्होनॉइड ग्लायकोसाइड सुमारे २४ टक्के आणि टर्पीन लॅक्टोन सुमारे ६ टक्के राखतात. गिंकोलिक आम्ल अॅलर्जी आणते आणि पेशींना अपायकारक ठरू शकते, म्हणून ते दहा लाखांत पाच भागांच्या खाली ठेवतात. पाने वाळवून कुटली की यातले काहीच साधत नाही, उलट ते आम्ल जसेच्या तसे राहते. पुढच्या सगळ्या वादांचे मूळ इथे आहे. पुरावा एका विशिष्ट अर्काचा, आणि विक्री झाडाच्या नावाची.

१९९४ साली दोन गोष्टी घडल्या. जर्मनीच्या तज्ज्ञ समितीने या प्रमाणित अर्काला स्मृतिभ्रंशाच्या तक्रारींसाठी मान्यता दिली. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा आला आणि वनस्पतिजन्य पदार्थ 'आहारपूरक' या सदरात गेले. परिणामकारकता आधी सिद्ध करण्याचे बंधन उरले नाही, फक्त 'रोग बरा होतो' असे लिहायचे नाही. एकच पान एका देशात डॉक्टर लिहून देणारे औषध झाले आणि दुसऱ्या देशात किराणा सामानाबरोबर मिळू लागले. आपल्याकडे गिंको आले ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेने.

मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. ७५ वर्षे आणि त्यापुढचे ३,०६९ लोक, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे सहा वर्षे. २००८ मध्ये निकाल लागला. स्मृतिभ्रंश अर्क घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना झाला आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या अशाच मोठ्या चाचणीतही प्रतिबंधाचा फायदा दिसला नाही. अर्क चांगल्या प्रतीचा नव्हता, ही पळवाटही इथे नाही, कारण दोन्हीकडे जर्मन पद्धतीचाच अर्क होता. तरीही युरोपच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये २४० मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेला वयोमानाने होणाऱ्या विस्मरणासाठी आणि सौम्य स्मृतिभ्रंशासाठी जागा ठेवली. यात विसंगती नाही. आजार सुरू झाल्यावर थोडा आधार मिळणे वेगळे आणि धडधाकट माणसाला तो आजार होऊच न देणे वेगळे. आपल्याकडे कॅप्सूल घेतली जाते ती बहुधा दुसऱ्या आशेने, आणि तीच आशा चाचणीत टिकली नाही.

सगळ्यात जास्त धुरळा मात्र २०१३ मध्ये उडाला. अमेरिकेच्या सरकारी विषविज्ञान कार्यक्रमाने उंदरांवरचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घुशीसारख्या मोठ्या उंदरांना वजनाच्या दर किलोला १०० ते १,००० मिलिग्रॅम आणि लहान उंदरांना २०० ते २,००० मिलिग्रॅम अर्क, आठवड्यातून पाच दिवस, नळीने पोटात. लहान उंदरांत यकृताच्या गाठी आणि कर्करोग वाढले, मोठ्यांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या. त्याच वर्षी जूनमध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बैठकीत गिंकोच्या अर्काला '२बी', म्हणजे माणसात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेला, या गटात टाकले गेले.

जर्मन पद्धतीचा अर्क बनवणाऱ्या उत्पादकांचा आक्षेप असा, की तपासलेला अर्क त्यांचा नव्हताच. तो चीनमधून आलेला होता. त्यात फ्लेव्होनॉइड ३१ टक्क्यांच्या वर, लॅक्टोन १५ टक्क्यांच्या वर आणि गिंकोलिक आम्ल दहा लाखांत दहा भागांहून थोडे अधिक होते. जर्मन मापाशी यातले काहीच जुळत नाही. मात्राही अशी की साठ किलोच्या माणसाला रोज कित्येक ग्रॅम घ्यावे लागतील. आक्षेप वजनदार आहे. पण मला तो उलट्या बाजूनेही वाचावासा वाटतो. अमेरिकेच्या बाजारात हाच माल 'गिंको' म्हणून फिरत होता, म्हणून तर तो तपासायला घेतला. 'आमचा अर्क वेगळा' म्हणणाऱ्याने 'गिंको गुणकारी' ही जाहिरात सगळ्यांना वापरू द्यायची आणि दोषाची वेळ आली की हद्द आखायची, हे पटत नाही.

दुसऱ्या बाजूने, '२बी'चा अर्थ भलताच लावला जातो. हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती भक्कम ते सांगतात. इथे प्राण्यांतला पुरावा पुरेसा ठरला, माणसांतला अपुरा. त्याच बैठकीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही '२बी'त गेला, आणि मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन तर त्याहून वरच्या '२ए'त. पायोग्लिटाझोनवर भारतात त्याच जूनमध्ये बंदी आली आणि जुलैमध्ये उठली, म्हणून ते नाव घरोघरी पोचले. गिंकोची चर्चा आपल्याकडे झालीच नाही. डबी फळीवर होती तिथेच राहिली.

२०१५ मध्ये आणखी एक प्रकरण बाहेर आले. चीनमधले काही कारखाने अल्कोहोलऐवजी स्वस्त हायड्रोक्लोरिक आम्लाने अर्क काढत होते, आणि तिथल्या सरकारने माल परत मागवला. भेसळीची दुसरी रीत याहून बेमालूम आहे. दुसऱ्या झाडांतून मिळणारे रुटिन नावाचे स्वस्त फ्लेव्होनॉइड मिसळले की साध्या चाचणीत २४ टक्के बरोबर भरतात. डबीवरचा तो आकडा मग खरा असतो, फक्त गिंकोचा नसतो.

भारतात असे पदार्थ बहुतांशी अन्नपूरकांच्या नियमांखाली विकले जातात. डबीवर अन्न परवान्याचा क्रमांक असतो आणि औषधी उपयोगासाठी नाही अशी इंग्रजी ओळ असते. ती ओळ सहसा सगळ्यात बारीक अक्षरात. अनेक डब्यांत गिंको, ब्राह्मी आणि जीवनसत्त्वे एकत्र असतात आणि गिंको ४० किंवा ६० मिलिग्रॅम. अशा मिश्रणाचा २४० मिलिग्रॅमच्या चाचण्यांशी संबंध जोडता येत नाही, ना फायद्याच्या बाजूने, ना धोक्याच्या.

धोक्यांत रक्तस्रावाची भीती सर्वात जुनी. गिंकोतला एक घटक रक्तबिंबिका (प्लेटलेट) गोळा होण्याच्या एका वाटेला अडवतो आणि १९९० च्या दशकापासून रक्तस्रावाच्या सुट्या नोंदी येत राहिल्या. मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रक्तस्रावात लक्षणीय फरक आढळला नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाचे झटके अर्काच्या गटात १६ आणि दुसऱ्यात ८ होते, पण आकडे लहान असल्याने त्यातून निष्कर्ष काढता आला नाही. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन अशी रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये. शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी ती थांबवावी, असे युरोपच्या नियामकाचे म्हणणे आहे. फिट येणाऱ्यांनीही जपावे. कच्चे बी तर कोणीच खाऊ नये, कारण त्यातले विष बी-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि मुलांना झटके येऊ शकतात.

एम.वाय. या इंदूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात 'कोणती औषधे चालू आहेत' असे विचारले, की आपले आजी-आजोबा बीपी-शुगरच्या गोळ्या पाठ म्हणून दाखवतात. मुलाने न्यू जर्सीहून आणलेली डबी त्या यादीत येत नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची किंवा दाढ काढण्याची तारीख ठरतानाच सुनेने ती डबी पिशवीत टाकून डॉक्टरांना दाखवली तरी पुरे.