चाळिशीनंतर बायकांचा धावण्याचा वेग संपतो?

‘चाळिशी उलटली, आता वेग विसरा, नुसतं चाला’ हे बायकांना सर्रास ऐकवलं जातं. पण रुमानियाची कॉन्स्टन्टिना दिता २००८च्या बीजिंग ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली ती ३८व्या वर्षी, २ तास २६ मिनिटं ४४ सेकंदांत. १९८४ची विजेती जोन बेनॉइट तर पन्नाशीनंतरही तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावली.

वयानुसार शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता घटते, हे खरंच. बैठ्या जीवनात ती दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरते; जोरकस सराव टिकवला तर घट कमी होते. गंमत म्हणजे वय वाढलं की नेमका तोच सराव आधी सुटतो. आठवड्यातून एकदा १५ मिनिटं वॉर्मअप, मग ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं सावकाश, अशा ४ फेऱ्या पुरतात. जोरात म्हणजे एकदोन शब्दच बोलता येतील इतकं. पहिलीच फेरी जीव तोडून धावलात, तर चौथी कोसळते.

पाळी सुरू असलेल्यांचा वेग मंदावला, तर वयाला दोष देण्याआधी लोह तपासा. हिमोग्लोबिन १२च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, कमी असू शकतं. जेवणासोबतचा चहा लोहाचं शोषण रोखतो. तो तासभर पुढे ढकला. गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, स्नायू आणि हाडं झपाट्याने उतरतात. तिथे किलोमीटर वाढवून भागत नाही. आठवड्यातून दोनदा वजन घेऊन स्क्वॉट आणि टाचा उचलण्याचा व्यायाम हवा.