अवकाशात गुन्हा, खटला मात्र जमिनीवर

विज्ञानकथांतला यानाचा कप्तान यानातच न्यायासन मांडतो, साक्षी ऐकतो, शिक्षा सुनावतो. खऱ्या अवकाशात असा अधिकार अजून कुणालाही मिळालेला नाही. ही कल्पना समुद्रावरून आली. तिथेही कप्तानाच्या अशा न्यायाचा शेवट बरा झालेला नाही: १८४२ मध्ये एका अमेरिकी युद्धनौकेच्या कप्तानाने बंडाच्या संशयावरून तिघांना कोर्ट-मार्शलविना फासावर चढवले. त्यांत युद्धमंत्र्यांचा मुलगाही होता. पुढे कप्तानालाच कोर्ट-मार्शलला तोंड द्यावे लागले. तो सुटला, पण वाद सुटला नाही.

अवकाशाने नमुना घेतला तो विमानाचा. १९६३ च्या टोकियो कराराने वैमानिकाला त्रासदायक प्रवाशाला बांधून ठेवण्याची आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याची मुभा दिली. १९८० च्या अमेरिकी स्पेस शटल नियमांतही तेच.

खरा प्रश्न होता, आरोपी कुणाच्या कोर्टात जाणार? १९६७ च्या अवकाश कराराचे उत्तर सोपे होते: यान ज्या देशाच्या नोंदवहीत, त्याचा अधिकार यानावर आणि त्यातल्या माणसांवर. पण आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचे भाग वेगवेगळ्या देशांचे. म्हणजे एका दारातून पलीकडे गेले की कायदा बदलणार.

स्थानकासाठीच्या १९८८ च्या करारात अमेरिका, युरोपीय देश, जपान आणि कॅनडा यांना आपापल्या भागांवर आणि नागरिकांवर अधिकार मिळाला. अमेरिकेला मात्र एक जादा हक्क: दुसऱ्या देशाच्या भागात परक्या नागरिकाने स्थानकाच्या सुरक्षिततेला धोका आणला, तर संबंधित देशाशी सल्लामसलत करून अमेरिका खटला चालवू शकत होती. पैसा जास्त, म्हणून कोर्टही आमचे, असाच हा हिशेब. रशिया आत आल्यावर तो टिकणे कठीणच होते. १९९८ च्या कराराच्या २२ व्या कलमात नागरिकत्व पुढे आले. आरोपी ज्या देशाचा, खटल्याचा पहिला हक्क त्याचा. ज्याच्या माणसाला किंवा भागाला झळ बसली, त्या बाधित देशाने विचारणा केल्यावर दोन्ही देशांनी बोलायचे. त्यानंतर ९० दिवसांत आरोपीच्या देशाने संमती दिली, किंवा खटल्यासाठी प्रकरण पुढे नेण्याची हमी दिली नाही, तरच बाधित देशाला खटला चालवता येतो. तडजोड म्हणून हे १९८८ पेक्षा सरस आहे, पण पुरावा कुणी आणि कसा जपायचा, हे त्यात नाही.

स्थानकावरच्या अंतराळवीरांसाठीच्या २००० च्या आचारसंहितेने तिथल्या कमांडरला शिस्त राखण्याचे अधिकार दिले. बळाचा वापर फक्त तातडीच्या सुरक्षिततेपुरता.

कॅनडाने २०२२ मध्ये आपला फौजदारी कायदा चंद्रापर्यंत नेला. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर या स्थानकावर राहून आला, पण भारत १९९८ च्या करारात नाही. भारतीय न्याय संहिता नागरिकाच्या मागे कुठेही जाते. भारताबाहेर परदेशी माणसाला ती भारतीय जहाजावर किंवा विमानात पकडते. अवकाशयानाचा उल्लेख तिथे नाही. उद्या भारताच्या स्वतःच्या स्थानकावर परदेशी पाहुणा आला, तर अडचण नेमकी इथेच येईल.