बीपी नॉर्मल आहे, पण...

रात्रपाळीच्या सिस्टर पेशंटचं मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या असतात. नाडी मोजायला अर्धं मिनिट पुरतं, तरी त्या हात सोडत नाहीत. नजर हळूच घड्याळावरून पेशंटच्या छातीकडे जाते, तिथून पोटाकडे. नाडी कधीच मोजून झालेली असते, आता श्वास मोजणं चाललेलं असतं, तेही चोरून. कारण ‘काका, तुमचे श्वास मोजते हं’ म्हटलं की काकांचा श्वास तिथल्या तिथे बदलतो. नाडी आपल्या मर्जीने चालत नाही, श्वास बऱ्यापैकी चालतो. म्हणून हात धरून ठेवायचा आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं.

मोठ्या माणसांच्या आजारपणात आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर करायच्या शुश्रूषेला ‘मेडिकल-सर्जिकल नर्सिंग’ म्हणतात. विषयाची पुस्तकं उशाला घ्यावीत इतकी जाड असतात. त्यातली एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हे एक मिनिट निवडेन.

आता कबुली. विद्यार्थिनी असताना हे मिनिट मी सर्रास चुकवलं आहे. बीपी, नाडी, ताप यांना यंत्रं होती. श्वासाला मात्र नुसते डोळे आणि सवड लागायची. चाळीस खाटांच्या वॉर्डात सवड कुठली! श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना 18 लिहायचं, फारच एकसारखं दिसायला लागलं की मध्येच एखाद्याला 20. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता उघडा, हा 18 आणि 20 चा पाढा सापडण्याची शक्यता दाट आहे. गंमत अशी की पेशंटची तब्येत ढासळू लागली की अनेकदा पहिल्यांदा हलतो तो नेमका हाच आकडा.

समजा, बारा नंबरच्या खाटेवर पोटाचं मोठं ऑपरेशन झालेले काका आहेत. वय साठ, वजन 60 किलो. रात्री दहा वाजता श्वास 18, नाडी 84, बीपी 124/78. बारा वाजता श्वास 22, नाडी 98, बीपी 122/84. दोन वाजता श्वास 26, नाडी 112, बीपी 118/92. ताप नाही, ऑक्सिजनची पातळी 96, काका शुद्धीवर आहेत, बोलतायत. फक्त जरा अस्वस्थ आहेत, दोनदा चादर बाजूला केली, आणि हात गार लागतायत.

वरचं बीपी तिन्ही वेळा छान आहे. नातेवाइकांना तोच आकडा सांगितला जातो आणि ते निश्चिंत होतात. पण आत काय चाललं असेल?

60 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. ऑपरेशनच्या जागी एखादी बारीक रक्तवाहिनी झिरपत राहिली तर ते हळूहळू कमी होतं. शरीर लगेच हार मानत नाही. हृदय जोरात धावतं, हातापायांच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उरलेलं रक्त मेंदू, हृदय यांच्याकडे वळवलं जातं. गार हात म्हणजे हीच काटकसर. रक्तवाहिन्या आवळल्या की खालचं बीपी वर चढतं, म्हणून 78 चं 84 आणि 84 चं 92. वरचा आणि खालचा आकडा जवळ येऊ लागले की अनुभवी सिस्टरच्या कपाळावर आठी पडते. एकूण रक्ताच्या जवळजवळ 30 टक्के, म्हणजे काकांच्या बाबतीत सव्वा लिटर जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी टिकू शकतं. त्यानंतर मात्र ते घसरायला लागतं.

श्वासाचं कारण वेगळं. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या त्याच्याविना काम भागवतात आणि रक्तात आम्ल साठू लागतं. मानेतल्या धमनीजवळ तांदळाच्या दाण्याएवढी एक संवेदक गाठ असते, तिला हा बदल पटकन कळतो. ती मेंदूच्या देठाला खबर देते आणि देठ श्वास वाढवतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की आम्लता थोडी उतरते. रक्तात जंतुसंसर्ग पसरत असेल तरी श्वास असाच वाढतो, तोही बऱ्याचदा बीपी पडण्याआधी.

उलट दिशेचीही भीती असते. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने श्वास मंदावतो. अशा पेशंटला ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर बोटावरचं यंत्र 98 दाखवत राहतं आणि श्वास मात्र मिनिटाला सातवर आलेले असतात. यंत्र खोटं बोलत नाही, ते फक्त रक्तातला ऑक्सिजन मोजतं. पेशंट किती श्वास घेतोय हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.

खाटेला लटकलेली युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, हा दुसरा साक्षीदार. रक्त कमी पडलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. ताशी, दर किलो वजनामागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे काकांची 30 मिलिलिटर. पिशवीत 15 च दिसली तर आधी वाकून नळी बघायची. ती पेशंटच्या मांडीखाली दबलेली असते किंवा कुणीतरी पिशवी खाटेवरच ठेवलेली असते. हे न बघता डॉक्टरांना झोपेतून उठवलेली सिस्टर पुढचा महिनाभर थट्टेचा विषय होते. ड्रेनचंही, म्हणजे ऑपरेशनच्या जागेतला द्राव बाहेर काढणाऱ्या नळीचंही तसंच. लाल द्राव वाढला तर काळजी करायचीच, पण रात्रभर येणारा द्राव एकदम बंद झाला तर ‘बरं झालं’ म्हणायचं नाही. आत गुठळी अडकलेली असू शकते.

हे सगळं एखाद्या जाणत्या सिस्टरच्या ‘मला काहीतरी बरं दिसत नाही’ या वाक्यावर सोडू नये म्हणून 2012 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने एक गुणपद्धत आणली आणि 2017 मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला गुण द्यायचे. सगळं ठीक असेल तर शून्य. दहा वाजता काकांना शून्य मिळतो. बारा वाजता श्वासाचे 2 आणि नाडीचा 1, असे 3. दोन वाजता श्वासाचे 3 आणि नाडीचे 2, एकूण 5. पाच झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, सात झाले की आणीबाणी. काकांच्या पाचांत बीपीचा एकही गुण नाही. आणि त्या रकान्यांत सवयीने 18, 18, 18 लिहिलं असतं, तर बेरीज दोनच्या वर गेली नसती.

आता फोन. ‘सर, बारा नंबर जरा बरे वाटत नाहीत.’ ‘बीपी किती?’ ‘118.’ ‘मग ठीक आहे, सलाईन चालू ठेवा, सकाळी बघतो.’ हा संवाद रात्रपाळी केलेल्या कुणालाही पाठ असेल. यावर काढलेला तोडगा अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आला: बोलणं चार पायऱ्यांत बांधायचं. आत्ता काय झालंय, पेशंट कोण आणि ऑपरेशन कसलं, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. ‘सर, बारा नंबरचे श्वास चार तासांत 18 वरून 26 झालेत, नाडी 112, लघवी तासाला 15, नळी मोकळी आहे. आज दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय. मला आत रक्तस्राव होतोय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचिंगला रक्त काढू का?’ यातलं तिसरं वाक्य, ‘मला असं वाटतं’, तोंडातून निघणं आपल्याकडे सगळ्यात जड जातं. निदान करणं डॉक्टरांचं काम, आपण आकडे सांगायचे, असं वर्षानुवर्षं मनावर बिंबलेलं असतं.

ऑपरेशननंतर गुंतागुंत होणं आणि तिच्यातून पेशंट न वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा अमेरिकेतल्या जेफ्री सिल्बर यांच्या गटाने 1992 मध्ये मांडला. गुंतागुंत बरीचशी पेशंटच्या वयावर आणि आजारावर ठरते. ती वेळेत ओळखली जाणं मात्र बऱ्याच अंशी रुग्णालयावर. पुढे 2002 मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातली 168 रुग्णालयं तपासली. एका नर्सच्या वाट्याला सरासरी एक पेशंट जास्त आला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त आढळली. तिथली तुलना एका नर्समागे चार पेशंट की आठ, अशी होती. हे वाचून आपल्याकडच्या सरकारी वॉर्डातली सिस्टर हसेल की रडेल, सांगता येत नाही.

बरं, रात्र निभावली, काकांना रक्त चढलं, टाका घातला गेला. दुसऱ्या दिवशी कामं बदलतात. तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र खाटेशी येतं. दहातले आठ पेशंट त्यात फुंकर मारतात. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! पोट दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचे खालचे कोपरे मिटून जातात, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला जागा होते. खोल श्वास ओढला की ते कोपरे उघडतात. म्हणून वेदनेचं औषध वेळेवर द्यायचं, म्हणून उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवायचं. ‘किती दुखतंय, शून्य ते दहा?’ विचारल्यावर ‘थोडंसं’ म्हणणाऱ्या काकांचा चेहरा बघायचा, उत्तर नव्हे. आणि त्यांना खाली उतरवून चार पावलं चालवायचं, नाहीतर पायातल्या शिरांत रक्त साकळतं. इथे सिस्टरचा खरा सामना नातेवाइकांशी असतो. ‘अहो, कालच ऑपरेशन झालंय, पडू दे की त्यांना!’

मग येतो तिसरा दिवस आणि वॉर्डातला सगळ्यात लाजिरवाणा प्रश्न. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी संप पुकारतात. लहान आतडं काही तासांत किंवा दिवसाभरात कामाला लागतं, मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात. हेन्रिक केहलेट या डॅनिश सर्जनांच्या 1990 च्या दशकातल्या कामानंतर पाणी-पातळ पदार्थ बरेच लवकर सुरू होऊ लागलेत, तरी हा प्रश्न काही चुकत नाही. सून शेजारी डबा घेऊन उभी असते. सिस्टर चार्ट हातात घेऊन सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, ‘काका, वारा सरला का?’ काका खिडकीबाहेर बघतात. सून डबा उघडून त्यात काहीतरी शोधू लागते.

‘पहाटे,’ काका पुटपुटतात. ‘दोनदा.’

सिस्टर वेळेसकट लिहून घेतात आणि मावशींना चहा सांगतात.