पडद्यावरचा खेळ उद्यानात कसा उतरला

ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपान या थीम पार्कमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या ‘मारियो’ या व्हिडिओ गेमवरून उभारलेल्या ‘सुपर निन्टेन्डो वर्ल्ड’ विभागात शिरताना एका मोठ्या हिरव्या नळातून चालत जावे लागते. पलीकडे पीच राजकन्येचा वाडा लागतो, आणि त्यातून बाहेर पडताच समोर थरांवर थर रचलेल्या टेकड्या, फिरणारी नाणी आणि हातापुरत्या उंचीवर बसवलेला, प्रश्नचिन्ह असलेला पिवळा ठोकळा दिसतो. मनगटावर पट्टा बांधलेल्या हाताने त्या ठोकळ्याला खालून ठोसा दिला की १९८५ पासून घरोघरी ऐकू येत असलेला नाण्याचा तोच आवाज होतो आणि ते नाणे पाहुण्याच्या खात्यावर जमा होते. टेकड्या, वाडा आणि पुतळे उभारणे हे थीम पार्कवाल्यांना कधीच अवघड नव्हते. परंतु ठोसा दिल्यावर ठोकळ्याने उत्तर द्यावे, एवढी एक गोष्ट साधायला या व्यवसायाला जवळजवळ चार दशके लागली. ही पार्श्वभूमी प्रामुख्याने त्या चार दशकांची आहे.

सुरुवात मात्र आणखी मागे, १९५५ मध्ये करावी लागते. त्या वर्षीच्या १७ जुलैला कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नीलँड उघडले आणि चित्रपटातल्या जगात पायी फिरता येते, ही कल्पना रुजली. त्याच वर्षी जपानमध्ये मसाया नाकामुरा यांनी एक लहानसा व्यवसाय सुरू केला आणि योकोहामातील एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर मुलांना बसण्यासाठी दोन यांत्रिक घोडे बसवले. पुढे ‘नामको’ या नावाने ओळखली गेलेली आणि १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ घडवणारी कंपनी ती हीच. निन्टेन्डोनेही १९७३ मध्ये बोलिंगच्या जागांमध्ये प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या नेमबाजीच्या गॅलऱ्या थाटल्या होत्या. तेलसंकटात मागण्या रद्द झाल्या आणि तो व्यवसाय कोसळला. व्हिडिओ गेम थीम पार्कमध्ये ‘गेला’ असे आपण सहज म्हणतो, पण ही वंशावळ पाहिली तर तो माहेरी परतला, असेच म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

पहिला प्रयत्न अमेरिकेत झाला. टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज उद्यानाने १९८३ मध्ये लहान मुलांच्या विभागाला ‘पॅक-मॅन लँड’ असे नाव दिले. वर्ष-दोन वर्षांतच ते नाव उतरले आणि त्या जागी लूनी ट्यून्सची कार्टून पात्रे आली. हे अपयश समजून घेण्याजोगे आहे. कार्टूनमधल्या पात्राला चेहरा असतो, स्वभाव असतो, गोष्ट असते; त्याचा पुतळा उभा केला तरी ती गोष्ट आठवते. पॅक-मॅन म्हणजे तोंड उघडणारे एक पिवळे वर्तुळ. त्याचे सगळे अस्तित्व चक्रव्यूहातल्या पाठलागात आहे आणि तो पाठलाग खेळणाऱ्याच्या बोटांत असतो. घसरगुंडीवर रंगवलेल्या पॅक-मॅनमध्ये पाठलाग उरत नाही, उरतो तो फक्त रंग.

जपानी कंपन्यांनी हा प्रश्न उलट बाजूने हाताळला. त्यांच्याकडे पात्रांपेक्षा यंत्रे अधिक चांगली होती, म्हणून त्यांनी यंत्रेच वाढवत नेली. १९९० मध्ये ओसाकाला भरलेल्या जागतिक उद्यान-प्रदर्शनात नामकोने ‘गॅलॅक्सियन ३’ मांडला. एका गोल कक्षात २८ जण बसत, भोवतीच्या पडद्यांवर अंतराळयुद्ध चाले, प्रत्येकाच्या हाती स्वतःची बंदूक असे आणि आसनांखालची जमीन हलत असे. राइड आणि खेळ यांच्यातली भिंत येथे खऱ्या अर्थाने पहिल्यांदा खचली, असे माझे मत आहे. कारण बसलेला माणूस एकाच वेळी प्रवासीही होता आणि खेळाडूही. प्रदर्शन संपल्यावर हे यंत्र टोकियोतील फुताको-तामागावा येथे नामकोने १९९२ मध्ये उघडलेल्या ‘वंडर एग्ज’ या उद्यानात गेले. ते उद्यान २००० च्या अखेरीपर्यंत चालले. दरम्यान सेगा या दुसऱ्या जपानी गेम कंपनीने योकोहामात १९९४ मध्ये ‘जॉयपोलिस’ नावाचे पहिले बंदिस्त उद्यान आणि १९९६ मध्ये टोकियोच्या ओदायबा भागात आणखी एक सुरू केले.

हाच नमुना परदेशात मात्र टिकला नाही. सेगाने १९९६ मध्ये लंडनला आणि १९९७ मध्ये सिडनीला बंदिस्त इमारतींतील उद्याने उघडली. सिडनीचे २००० मध्ये बंद झाले आणि लंडनचेही सेगाच्या नावाखाली फार काळ चालले नाही. याचे एक कारण घरातच होते. १९९४ च्या अखेरीस प्लेस्टेशन हा घरी खेळायचा कन्सोल बाजारात आल्यानंतर घरच्या टीव्हीवरची चित्रे आर्केडमधल्या, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांतल्या, चित्रांच्या बरोबरीला येऊ लागली. मग फक्त मोठा पडदा आणि हलणारी खुर्ची पाहण्यासाठी तिकीट काढून जाण्याचे आकर्षण झपाट्याने घटले.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे तुरळक प्रयोगांची आहेत. ओहायोतील किंग्ज आयलंडवर २००२ मध्ये आलेली ‘टूम रेडर’ राइड मुळात त्या खेळावरून निघालेल्या चित्रपटावर आधारलेली होती, म्हणजे खेळ उद्यानात आला तोही सिनेमाचे बोट धरून. २००५ मध्ये नागोयात काही महिन्यांपुरते पोकेमॉनचे उद्यान भरले. २०१२ मध्ये फिनलंडच्या तांपेरे शहरातील उद्यानात ‘अँग्री बर्ड्‌स’चा विभाग झाला, तर २०१३ मध्ये फ्रान्सच्या फ्युतुरोस्कोपमध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या ‘रॅबिड्स’ खेळावरची राइड सुरू झाली.

या काळात खरी प्रगती खेळांच्या नव्हे, तर सिनेमाच्या राइड्समध्ये होत होती. खेळ आणि राइड यांचे मुळातच जुळत नाही. घरात खेळणारा हरतो, पुन्हा सुरुवात करतो आणि एकाच टप्प्यावर तासभर अडकून राहू शकतो. राइडमध्ये मात्र दर तासाला शेकडो माणसे त्याच मार्गाने, तेवढ्याच मिनिटांत आणि सुरक्षितपणे बाहेर पडावी लागतात. एकाही पाहुण्याला अडकून राहण्याची मुभा देता येत नाही. डिस्नीच्या १९९८ मधील ‘बझ लाइटइयर’ राइडने आणि २००८ मधील ‘टॉय स्टोरी मिडवे मेनिया’ने यावर तोड काढली: गाडी सर्वांची सारखीच पुढे जाईल, पण गुण ज्याचे त्याचे. हरणाराही शेवटपर्यंत पोहोचतो, फक्त त्याच्या पुढचा आकडा लहान असतो. दुसरा बदल २०१० मध्ये ऑरलंडोत झाला. युनिव्हर्सलने हॅरी पॉटरचे संपूर्ण गाव उभारले, ज्यात दुकाने, पेये, गल्ल्या आणि राइड हे सगळे एकाच जगाचे भाग होते. २०१४ मध्ये तेथे छडी फिरवल्यावर दुकानाच्या खिडकीतल्या वस्तू हलू लागल्या. पिवळ्या ठोकळ्याचा पूर्वज शोधायचा झाला तर तो या खिडक्यांत सापडतो.

निन्टेन्डो तोवर आपल्या पात्रांबाबत हात राखून होती. घरच्या कन्सोलची विक्री मंदावल्यावर अध्यक्ष सातोरु इवाता यांनी ही पात्रे खेळांबाहेर नेण्याचे धोरण स्वीकारले आणि ७ मे २०१५ रोजी युनिव्हर्सलबरोबरचा करार जाहीर झाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इवाता यांचे निधन झाले. पुढचे काम मारियोचे जनक शिगेरू मियामोटो यांच्या देखरेखीखाली चालले. मियामोटो लहानपणी क्योतोजवळच्या डोंगरदऱ्यांत भटकत, कंदील घेऊन गुहेत शिरत, आणि त्या भटकंतीतूनच आपल्या खेळांतली जगे स्फुरली असे ते सांगत आले आहेत. प्रत्यक्ष जमिनीवरून पडद्यावर गेलेले ते जग त्यांच्याच हयातीत, त्यांच्याच नजरेखाली पुन्हा जमिनीवर आले, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते.

ओसाकातील विभागावर ६० अब्ज येनहून अधिक खर्च झाला. टोकियो ऑलिंपिकच्या आधी, २०२० मध्ये तो उघडायचा होता. महासाथीमुळे तारखा पुढे जात राहिल्या आणि अखेर १८ मार्च २०२१ रोजी दारे उघडली. तेथील ‘मारियो कार्ट’ राइडमध्ये चौघांच्या गाडीत प्रत्येकासमोर स्वतंत्र स्टिअरिंग असते. डोक्यावरच्या मारियोच्या टोपीला एक पारदर्शक चष्मा चिकटवला जातो आणि त्यातून खऱ्या देखाव्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या उमटतात. गाडी रुळाबाहेर कधीच जात नाही, तिचा वेगही बेताचाच असतो. पण योग्य क्षणी चाक वळवल्यास गुण मिळतात आणि मूळ खेळातल्याप्रमाणे नेम धरून प्रतिस्पर्ध्यांवर कासवाचे कवच फेकता येते. मूळ खेळाचा वेग ज्यांच्या अंगात भिनला आहे, त्यांची येथे निराशा होते आणि ती तक्रार रास्तच आहे. मनगटाचा पट्टा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो, हेही मला पटत नाही. ज्या ठोकळ्यासाठी हे जग उभे राहिले, तो सर्वांनाच सारखे उत्तर देणारा हवा होता.

वेगाची उणीव ११ डिसेंबर २०२४ रोजी ओसाकात सुरू झालेल्या ‘डाँकी काँग’ विभागाने बरीच भरून काढली. १९९४ च्या खेळात खाणीतली ढकलगाडी तुटलेल्या रुळांवरून उड्या मारत जाते. ती प्रत्यक्षात आणताना अभियंत्यांनी डोळ्यांना दिसणारे तुटके रूळ केवळ देखाव्यासाठी ठेवले. खरा रूळ खाली दडवलेला आहे आणि गाडी एका आडव्या-उभ्या आधाराने त्याला जोडलेली आहे. त्यामुळे बसणाऱ्याला रूळ संपल्याचे दिसते, गाडी हवेत झेपावल्यासारखी वाटते आणि पलीकडच्या तुकड्यावर उतरते. हॉलिवूडमध्ये १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आणि ऑरलंडोच्या एपिक युनिव्हर्स उद्यानात २२ मे २०२५ रोजी ‘सुपर निन्टेन्डो वर्ल्ड’ याच नावाचे विभाग सुरू झाले.

आता पाळी ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या खेळाची आहे. मर्लिन एंटरटेनमेंट्स या थीम पार्क चालवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये त्याच्या आकर्षणांचा करार जाहीर केला असून ब्रिटन आणि अमेरिका हे पहिले मुक्काम ठरवले आहेत. मारियोच्या जगात ठोकळ्याने फक्त वाजायचे होते. माइनक्राफ्टमध्ये खेळणारा ठोकळा फोडतो, उचलतो, दुसरीकडे रचतो आणि दिवसभर खपून स्वतःचे घर उभारतो; रोज हजारो माणसे ज्यातून जातात अशा जागेत त्यातले किती त्याच्या हाती सोपवता येईल, हे तेथील आराखड्यांवरून ठरेल.